बी.ए.साठी कर्ज काढताय? आधी हप्ता मांडा, मग प्रवेश घ्या

बेळगाव : बारावीचा किंवा पीयूसीचा निकाल लागला की घराघरांत एकच चर्चा सुरू होते. मुलगी म्हणते, मला इतिहास घ्यायचाय, मानसशास्त्र घ्यायचंय. वडील विचारतात, आर्ट्स करून पोट भरणार का? प्रश्न रास्त आहे, पण अर्धवट. बी.ए. करून किती मिळेल, एवढंच विचारून भागत नाही. त्यासाठी किती देणं डोक्यावर घेणार, हेही विचारायला हवं. मी स्वतः बी.कॉम. झालेला माणूस. म्हणून दोन्ही बाजू वहीत मांडून बघू.

दोन विद्यार्थी, एकच पदवी

पहिली विद्यार्थिनी गावाजवळच्या अनुदानित कॉलेजात जाते. फी, पुस्तकं, बसपास, थोडा राहण्याचा खर्च धरून ती वर्षाला 50 हजार, म्हणजे तीन वर्षांत दीड लाख कर्ज घेते. दुसरा मोठ्या शहरातल्या खासगी विद्यापीठात जातो आणि वसतिगृहासह वर्षाला 3 लाख, एकूण 9 लाख उचलतो. व्याज दोघांनाही 10 टक्के धरू.

इथे बऱ्याच पालकांची चूक होते. शिक्षण संपेपर्यंत आणि त्यानंतर साधारण एक वर्ष हप्ता भरावा लागत नाही, म्हणून व्याजही लागत नाही असं वाटतं. व्याज पैसे उचलल्या दिवसापासून सुरू होतं. या काळात ते सरळव्याजाने साठतं आणि नंतर मुद्दलात मिळवलं जातं.

- दीड लाखाचे चार वर्षांनी 1 लाख 95 हजार होतात. पाच वर्षांत फेडायचे तर हप्ता साधारण 4,143 रुपये.
- 9 लाखांचे 11 लाख 70 हजार होतात. दहा वर्षांत फेडायचे तर हप्ता साधारण 15,462 रुपये, एकूण भरणा साडेअठरा लाखांवर.
- हाच हप्ता पंधरा वर्षांवर नेला तर 12,573 रुपयांवर येतो, पण एकूण भरणा 22 लाख 63 हजारांच्या घरात जातो.

आता दोघांनाही पहिली नोकरी 18 हजारांची लागली असं धरा. पहिलीच्या हातात 13,857 रुपये उरतात. दुसऱ्याच्या हातात, दहा वर्षांच्या हप्त्यानंतर, उरतात 2,538. खोलीभाडंही निघायचं नाही. पदवी दोघांची एकच.

कमाई कुठून येते?

नुसत्या बी.ए.वर पगार ठरत नाही, पुढची पायरी तो ठरवते. शाळेत शिक्षक व्हायचं तर बी.एड.ची दोन वर्षं आणि टीईटी. कॉलेजात प्राध्यापक व्हायचं तर एम.ए. आणि नेट किंवा सेट. कायम सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन 57,700 पासून सुरू होतं. पण त्या जागेपर्यंत पोचण्याआधी अनेकांची वर्षं तासिका तत्त्वावर किंवा अतिथी व्याख्याता म्हणून जातात. नेटमधून जेआरएफ मिळाली तर संशोधनासाठी महिना 37,000 रुपये मिळतात.

बँक क्लार्क भरतीला कोणत्याही शाखेची पदवी चालते. मूळ वेतन 24,050 पासून, त्यावर भत्ते. मात्र ज्या राज्यात अर्ज कराल तिथली भाषा यावी लागते. सीमाभागातल्या मुलांनी हे नीट लक्षात घ्यावं. मराठीबरोबर कन्नड लिहिता-वाचता येत असेल तर दोन राज्यांची दारं उघडी राहतात. यूपीएससीची मुख्य परीक्षाही मराठीतून देता येते. पण स्पर्धा परीक्षेचा भरवसा धरून मोठं कर्ज काढू नये. निकालाची खात्री नसते, हप्त्याची तारीख मात्र ठरलेली असते.

तारण, जामीन आणि सवलती

शैक्षणिक कर्जाच्या सर्वसाधारण योजनेत 4 लाखांपर्यंत तारण लागत नाही. 4 ते साडेसात लाखांपर्यंत जामीनदार मागतात. त्यावर घर, जमीन किंवा ठेव तारण ठेवावी लागते. आई किंवा वडील सहकर्जदार असतात. हप्ते थकले तर मुलाबरोबर त्यांचाही सिबिल बिघडतो.

सरकारी सवलतींत आर्ट्सची बाजू कमकुवत आहे. साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना सवलतीच्या काळातलं पूर्ण व्याज माफ करणारी केंद्राची योजना तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत 8 लाखांपर्यंतच्या उत्पन्नगटाला 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर 3 टक्के व्याजसवलत आहे. पण ती निवडक दर्जेदार संस्थांपुरती, आणि त्यातही सरकारी संस्थांतल्या व तांत्रिक-व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांना प्राधान्य. प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत व्याजाची वजावट 8 वर्षांपर्यंत मिळते, नव्या पद्धतीत नाही.

पतसंस्थेचं किंवा सोनेतारण कर्ज लवकर मिळतं खरं, पण त्यात शिक्षण संपेपर्यंत थांबण्याची मुभा सहसा नसते.

सही करण्याआधी

1. एकूण कर्ज पहिल्या वर्षाच्या अपेक्षित पगारापेक्षा जास्त होतंय का? होत असेल तर थांबा.
2. पगार धरताना कॉलेजच्या जाहिरातीतला मोठा आकडा धरू नका. त्याच विषयाचे मागच्या दोन-तीन वर्षांचे माजी विद्यार्थी गाठा आणि आज काय मिळतं ते विचारा.
3. बी.ए. जवळ करून एम.ए. किंवा बी.एड. नावाजलेल्या विद्यापीठात करता येईल का? कर्ज घ्यायचंच तर ते शेवटच्या पायरीसाठी राखून ठेवा.
4. शिक्षण चालू असतानाच व्याज भरता येईल का? तसं केल्यास काही बँका व्याजदरात एक टक्क्यापर्यंत सूट देतात, आणि मुद्दलही फुगत नाही.
5. शेजारच्या राज्यात जाणार असाल तर आपल्या राज्याची शिष्यवृत्ती आणि जातीच्या दाखल्याचा लाभ तिथे चालतो का, हे प्रवेशाआधी लेखी विचारून घ्या.

इतिहास, भाषा, समाजशास्त्र शिकणं हा तोट्याचा सौदा नाही. सीमाभागात मराठी शिकवणारी माणसं पुढेही लागणारच आहेत. पण चांगला शिक्षक व्हायला निघालेल्या मुलाला हप्त्यापायी मिळेल ती नोकरी धरावी लागली, तर पदवीही वाया जाते आणि आवडही. तेव्हा मुलीनं आर्ट्स म्हटलं की नाही म्हणू नका. वही काढा, तिला शेजारी बसवा आणि दोघं मिळून हप्ता मांडा.