मृगातली हिरवी रेघ

आमच्या नगर जिल्ह्यात मृग म्हणजे पाऊस. जूनमध्ये सूर्य मृगात शिरला की शेतकरी आभाळाकडे बघू लागतो, पण ते नक्षत्र तेव्हा दिसत नाही. ते पाहायचं तर हिवाळ्यात, ज्वारीला रात्रीचं पाणी देताना. चार पायांचं हरीण आणि पोटात बाण. त्यातल्या एका पायाला आपण राजन्य म्हणतो, इंग्रजीत रायजेल. हे नाव अरबी ‘रिज्ल’वरून आलं. रिज्ल म्हणजे पाय! अरबांना तिथं हरीण दिसलं नव्हतं, पण पाय दिसला.

बाणाच्या तीन ताऱ्यांखाली एक धुरकट ठिपका आहे. तो तेजोमेघ. त्याच्या पोटात प्रचंड वस्तुमानाचे काही तारे आहेत. वय जेमतेम दहा-वीस लाख वर्षं, म्हणजे 460 कोटी वर्षांच्या सूर्यापुढं तान्ही बाळंच. त्यांच्या प्रखर उजेडानं भोवतालचा वायू पेटल्यासारखा चमकतो आणि त्याच्या वर्णपटात एक ठळक हिरवी रेघ उमटते.

ही रेघ कशाची, यावर एकोणिसाव्या शतकात मोठा वाद होता. नॉर्मन लॉकियर हे इंग्लंडमधलं बडं नाव. ते म्हणत, ही मॅग्नेशियमची. पण मॅग्नेशियमची खूण एका बाजूनं धारदार, दुसऱ्या बाजूनं विरत जाणारी असते. पुण्याच्या सायन्स कॉलेजात (आजचं सीओईपी) कावसजी दादाभाई नायगमवाला शिकवत. भावनगरच्या तख्तसिंहजी महाराजांची देणगी आणि सरकारची मदत यांतून त्यांनी वेधशाळा उभारली. तिथली 20 इंची दुर्बीण त्या काळी देशात सर्वांत मोठी. तिच्यातून त्यांनी ती रेघ निरखली आणि 1891 मध्ये लंडनच्या नियतकालिकात छापलं, की ती दोन्ही बाजूंनी स्वच्छ आहे, कुठंही विरत नाही. राज्यकर्त्यांच्या देशातल्या इतक्या मोठ्या माणसाला पुण्याहून असं सांगणं सोपं नव्हतं.

रेघ खरोखर कोणाची, ते 1927 मध्ये आयरा बोवेन यांनी उलगडलं. ती दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची होती.

रेघेचा काठ आणखीही काही सांगतो. तारा स्वतःभोवती फिरतो तेव्हा त्याची एक कड आपल्याकडं येते, दुसरी दूर जाते आणि ताऱ्याची रेघ पसरट होते. सूर्याचा पृष्ठभाग विषुववृत्तावर सेकंदाला दोन किलोमीटरनं सरकतो. काही तरुण, अजस्र तारे दोनशे-तीनशेनं. एवढ्या वेगानं पोटातला नायट्रोजन ढवळून वर यावा, असं गणित सांगतं. पण वेगानं फिरूनही नायट्रोजन न वाढलेले आणि संथ असून तो भरपूर असलेले तारेही सापडले आहेत. कोडं अजून सुटलेलं नाही.

22 जानेवारी 1898 च्या खग्रास सूर्यग्रहणाला लॉकियर विजयदुर्गला होते. (हेलियमच्या 1868 च्या शोधाची कथा त्या किल्ल्याला चिकटली आहे, पण तेव्हा ते इंग्लंडातच होते.) त्याच सावलीच्या वाटेवर नायगमवाला जेऊरला. हे नगरजवळचं जेऊर नव्हे, आमच्या कर्जतला लागून असलेल्या करमाळा तालुक्यातलं.

1912 मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली.