पालक-समुपदेशन, विशेष गरजा असलेल्या बालकांच्या

विकासात्मक विलंब, स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, श्रवणदोष यांसारख्या अवस्था असलेल्या शालापूर्व बालकांच्या पालकांना मानसशास्त्रज्ञाकडून मिळणारे साहाय्य. निदानाचा अर्थ उलगडून सांगणे, त्यातून येणारा धक्का, अपराधभाव व पती-पत्नींमधील ताण हाताळणे आणि घरच्या दिनक्रमातच मुलाच्या विकासाला वाव देणे, ही कामे यात एकमेकांत गुंतलेली असतात. उदाहरणार्थ, न बोलणाऱ्या मुलाला बिस्कीट लगेच हाती न देता त्याने बोट दाखवेपर्यंत किंवा नजर वळवेपर्यंत काही क्षण थांबावे, हे समुपदेशक आईसमोर प्रत्यक्ष करून दाखवतो. ‘मुलगे उशिराच बोलतात’ ही घराघरांतली समजूत आणि सारा दोष आईवर ढकलण्याची रीत यांमुळे भारतात आजी-आजोबांनाही या प्रक्रियेत सामावून घ्यावे लागते. वडिलांची गैरहजेरी मात्र जुनीच उणीव आहे. एकाच बैठकीत निदान सांगून लगेच उपचारांची यादी हाती ठेवणे योग्य नव्हे, कारण धक्क्यात असलेल्या पालकांच्या ध्यानात त्यातले फारसे राहत नाही. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची तरतूद असून, त्यांच्या चमूत बालरोगतज्ज्ञ व विशेष शिक्षक यांच्यासह मानसशास्त्रज्ञाचाही समावेश अपेक्षित आहे.