गाभण मेंढीचा आहार ठरवितो पुढच्या पिढीची पैदास

खंडाळ्याच्या घाटातील शिंग्रोबाचे देऊळ पुणे-मुंबई प्रवाशांच्या परिचयाचे आहे. इंग्रजांना बोरघाटातील वाट दाखविणाऱ्या धनगराचे ते स्मारक असल्याचे सांगितले जाते. घाटवाटा आणि मेंढपाळ यांचे नाते असे जुने आहे. पावसाळा सरला की देशावरील धनगर कळप घेऊन कोकणाकडे निघतात व पुढचा पाऊस सुरू होण्यापूर्वी परततात. या वाटचालीत कळपातील अनेक मेंढ्या गाभण असतात. त्यांना मिळणाऱ्या चाऱ्याचा परिणाम पोटातील कोकराच्या भावी प्रजननक्षमतेवरही होतो, असे संशोधनातून दिसून आले आहे.

मेंढीचा गाभणकाळ सुमारे १५० दिवसांचा असतो. मादी कोकराला आयुष्यभर पुरणारी स्त्रीबीजे जन्मापूर्वीच तयार होतात. साधारण ५५ व्या दिवसापासून गर्भाच्या अंडाशयातील बीजपेशी परिपक्वतेच्या पहिल्या टप्प्यात शिरतात. ७५ व्या दिवसाच्या सुमारास त्यांच्याभोवती पेशींचे आवरण तयार होऊ लागते. या काळात मेंढीचे पोट फारसे दिसतही नाही. मृगाच्या पावसानंतर फळलेल्या मेंढ्यांमध्ये हा टप्पा श्रावण-भाद्रपदात येतो. पावसाने नेमकी तेव्हाच ओढ दिली, तर माळरानावरील गवत करपते आणि त्याची झळ गर्भापर्यंत पोहोचते.

स्कॉटलंडमधील तत्कालीन मॅकॉले संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी गाभण मेंढ्यांना गरजेच्या निम्माच आहार देऊन पाहिला. अशा मेंढ्यांच्या गर्भातील अंडाशयाची वाढ मंदावल्याचे २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत आढळले. गाभणकाळाच्या पहिल्या तीन महिन्यांत उपासमार झालेल्या मेंढ्यांच्या मादी पिल्लांमध्ये, ती प्रौढ झाल्यावर, एका माजात सुटणाऱ्या स्त्रीबीजांची संख्या कमी भरली, असे २००२ मध्ये स्पष्ट झाले. त्याच प्रयोगातील नरांवर मात्र असा परिणाम दिसला नाही.

नरांच्या बाबतीत वृषणातील सर्टोली पेशी महत्त्वाच्या असतात. शुक्राणूंचे पोषण त्या करतात आणि त्यांच्या संख्येवर शुक्राणूंचे उत्पादन अवलंबून असते. आईला गाभणकाळाच्या उत्तरार्धात कमी आहार मिळाल्यास नवजात नर कोकरात या पेशी कमी असतात, असे एका अभ्यासात आढळले. तथापि, वयात येईपर्यंत त्या वाढत राहत असल्याने, जन्मानंतरच्या चांगल्या पोषणाने ही तूट काही अंशी भरून निघू शकते.

अतिरेकी आहारही हितावह नाही. स्वतःचीच वाढ पूर्ण न झालेल्या कोवळ्या मेंढीला भरपूर खाऊ घातल्यास ती स्वतः पोसली जाते. पण वार लहान राहते व कोकरू अशक्त जन्मते.

महाराष्ट्रात या विषयाला विशेष महत्त्व आहे. दख्खनी मेंढी सहसा एकच कोकरू देते. बी. व्ही. निंबकर यांनी १९६८ मध्ये स्थापन केलेल्या फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातील गरोळे मेंढीतील जुळे देणारा जनुक दख्खनी मेंढीत आणून 'नारी सुवर्णा' हे वाण विकसित केले. पोटात जुळी असली की मेंढीची आहाराची गरज वाढते. जनुकाने दिलेली क्षमता चाऱ्याअभावी वाया जाण्याचा धोका असतो.

विण्यापूर्वीच्या चार ते सहा आठवड्यांत गर्भाची वाढ झपाट्याने होते. त्यामुळे तेव्हा खुराक देण्याचा सल्ला पशुवैद्यक देतात आणि तो योग्यच आहे. परंतु कळपात राखावयाच्या माद्यांचा विचार करता, मेंढ्या फळल्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांतही पोटभर चारा मिळणे तितकेच आवश्यक ठरते. त्या काळातील टंचाईचे नुकसान लगेच दिसत नाही. ते दीड-दोन वर्षांनी, त्या माद्या स्वतः विऊ लागल्यावर, कमी कोकरांच्या रूपाने मेंढपाळाच्या पदरी पडते.