हेतूचा पुरावा की जातीचा?

दुकानातली वस्तू हातात घेऊन माणूस पैसे न देता बाहेर पडला, एवढ्यानेच चोरी ठरत नाही. 1860 च्या भारतीय दंड संहितेच्या कलम 378 ने अट घातली होती : वस्तू हलवताना हेतू अप्रामाणिक हवा. तो सिद्ध करायचा सरकारपक्षाने. खालच्या कोर्टाने तो नुसता गृहीत धरला असेल, तर अपिलात नेमके तिथेच बोट ठेवता येते. 1872 च्या पुरावा कायद्यानेही आरोपीची वाईट चालचलणूक एरवी त्याच्याविरुद्ध ग्राह्य मानली नव्हती. इंग्रजी न्यायाचे गोडवे गाणारे इथेच थांबतात.

मी थांबत नाही. या दोन कायद्यांच्या मध्ये, 1871 साली, गुन्हेगार जमाती कायदा उभा आहे. सरकारने अधिसूचना काढली की अख्खी जमात गुन्हेगार. आणि कलम 6 प्रमाणे त्या अधिसूचनेच्या वैधतेवर कोर्टाने शंका घ्यायची नाही. मग अपील कुणाकडे करायचे? 1924 च्या कायद्याचे कलम 24 त्याहून पुढे गेले. नोंदलेला माणूस चोरीची संधी शोधत होता, असे परिस्थितीवरून कोर्टाला पटले की तीन वर्षांपर्यंत कैद. वस्तूला हातही लागायला नको! हेतू रजिस्टरातच लिहिलेला. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेआड जी पोरे जन्मली, त्यांचा हेतू कुठल्या पंचांनी तपासला होता?

1952 साली कायदा गेला. 1959 च्या मुंबई सराईत गुन्हेगार कायद्याने जमातीऐवजी व्यक्तीचे नाव घेतले, रजिस्टर मात्र ठेवले. म्हणून पारध्याच्या पोराचे अपील लिहिणाऱ्या वकिलाने निकालपत्रात आधी हे शोधावे : शिक्षा त्या दिवशीच्या हेतूवर आधारली आहे, की जुन्या नोंदीवर?