प्रातःकालीन संगीताचा निवेदक आणि त्याचा श्रोता : ब्रिटिश नभोवाणीच्या इतिहासातील एक वाद

नभोवाणीचा इतिहास बहुधा संस्थांच्या अंगाने लिहिला जातो. केंद्रे केव्हा निघाली, कायदे कोणते झाले, अधिकारपदावर कोण होते, ह्यांची नोंद त्यात सापडते. श्रोत्याचे मत मात्र क्वचितच आढळते. ब्रिटनमध्ये सकाळच्या अभिजात संगीताच्या कार्यक्रमांविषयी व त्यांच्या निवेदकांविषयी वारंवार उठलेला वाद हा ह्याला एक उल्लेखनीय अपवाद होय. वरवर पाहता हा वाद निवेदकाच्या बडबडीविषयीचा आहे. परंतु त्याचा मागोवा घेतल्यास निवेदकाने श्रोत्याशी कोणत्या नात्याने बोलावे, हाच त्यातील मूळ प्रश्न असल्याचे दिसून येते.

बी. बी. सी.च्या आरंभीच्या काळात निवेदक अनामिक असे. तो व्यक्ती म्हणून नव्हे, तर संस्थेचा आवाज म्हणून बोले. त्याच्या उच्चारांना वळण लावण्यासाठी १९२६ मध्ये कवी रॉबर्ट ब्रिजेस ह्यांच्या अध्यक्षतेखाली एक सल्लागार समिती नेमण्यात आली. पुढे बर्नार्ड शॉ तिचे अध्यक्ष झाले. १९४० साली बातम्या देणारे निवेदक स्वतःची नावे सांगू लागले, ते युद्धाच्या निकडीमुळे. शत्रूने खोटा आवाज काढल्यास तो ओळखता यावा, हा त्यातील हेतू होता. १९४१ मध्ये यॉर्कशरच्या बोलीची छटा असलेल्या विल्फ्रेड पिकल्स ह्यांच्याकडे बातम्यांचे वाचन सोपविण्यात आले, तेव्हा श्रोत्यांमध्ये अनुकूल व प्रतिकूल अशी दोन्ही मते उमटली. बातम्या त्याच, शब्दही प्रमाण भाषेतलेच. तरीही केवळ उच्चार बदलल्याने संस्थेच्या अधिकाराविषयी प्रश्न निर्माण झाला, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

अभिजात संगीताला सकाळची हक्काची वेळ मिळाली ती बऱ्याच उशिरा. २९ सप्टेंबर १९४६ रोजी सुरू झालेला ‘थर्ड प्रोग्रॅम’ हा संध्याकाळपुरता होता. श्रोत्याने ठरवून ऐकावे, अन्य कामाच्या सोबतीला म्हणून ऐकू नये, अशी त्यामागील कल्पना होती. बातम्यांच्या ठरीव वेळांचे बंधनही त्याला नव्हते. दिवसा त्याच ध्वनिलहरींवरून संगीत देणारी ‘म्यूझिक प्रोग्रॅम’ ही योजना १९६४ मध्ये सुरू झाली व १९६५ मध्ये पूर्ण विस्तारली. ध्वनिमुद्रिका किती वेळ वाजवाव्यात, ह्याविषयी वादकांच्या संघटनेशी झालेल्या वाटाघाटींमुळे तिला विलंब झाला होता. १९६७ मध्ये ह्या साऱ्याला ‘रेडिओ थ्री’ हे नाव मिळाले. म्हणजे पुढे ज्या धीरगंभीर प्रातःकालीन निवेदनाला श्रोते प्राचीन परंपरा मानू लागले, ती परंपरा त्या वेळी जेमतेम एका पिढीची होती.

वादाला तीव्र स्वरूप आले ते १९९२ नंतर. त्या वर्षीच्या ७ सप्टेंबर रोजी ‘क्लासिक एफ. एम.’ हे जाहिरातींवर चालणारे केंद्र सुरू झाले. लहान रचना, एखाद्या सिंफनीचा एकच भाग, आणि मोकळ्या ढंगाने बोलणारा निवेदक, ही त्याची पद्धती होती. अल्पावधीतच त्याने श्रोतृसंख्येत रेडिओ थ्रीला मागे टाकले. रेडिओ थ्रीनेही सकाळच्या कार्यक्रमांची घडण बदलली. १९९५ मध्ये ‘मॉर्निंग कलेक्शन’ हा कार्यक्रम पॉल गॅम्बाचिनी ह्यांच्याकडे देण्यात आला. हे निवेदक जन्माने अमेरिकन. लोकप्रिय संगीताच्या निवेदनाने प्रसिद्धीस आलेले आणि क्लासिक एफ. एम.वरही काम केलेले होते. जुन्या श्रोत्यांनी ह्या निवडीविरुद्ध जोरदार तक्रारी केल्या. दुसऱ्याच वर्षी तो कार्यक्रम संपुष्टात आला.

पुढे २००३ मध्ये ‘फ्रेंड्स ऑफ रेडिओ थ्री’ ही श्रोत्यांची संघटना स्थापन झाली. संपूर्ण कृतीऐवजी तिचा तुकडा वाजविणे, श्रोत्यांचे निरोप वाचून दाखविणे, निवेदकाची सलगी, असे आक्षेप तेव्हापासून पुनःपुन्हा घेतले गेले. दुसरी बाजूही दुर्लक्षणीय नाही. ज्यांच्या घरी वा शाळेत ह्या संगीताचा संस्कार नव्हता, अशा अनेकांना मोकळ्या बोलण्याने त्यात प्रवेश मिळाला. पूर्वीचे निवेदन त्यांना गंभीर वाटत नसे, परके वाटत असे.

ह्या आक्षेपांचा भाषिक विचार उद्बोधक ठरतो. मराठीत वक्त्याचे श्रोत्याशी असलेले नाते सर्वनामातच व्यक्त होते. ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ ह्यांपैकी कशाची निवड झाली, ह्यावरून जवळीक किंवा आदर तत्काळ कळतो. आजच्या इंग्रजीत असा भेद उरलेला नाही. राजसभेला आणि न्याहारीच्या मेजावरील मित्राला उद्देशून सर्वनाम एकच. त्यामुळे नात्यातील फरक अन्य साधनांनी सूचित करावा लागतो : लिहून आणलेले वाक्य की उत्स्फूर्त उद्गार, क्रियापदांची पूर्ण रूपे की आखूड केलेली, निवेदकाने स्वतःचे नाव घेणे, हवेविषयी दोन शब्द बोलणे. श्रोत्याला खटकते ते हे संबोधनातील स्थित्यंतर. पण त्यावर नेमके बोट ठेवता येईल असा एकही शब्द वाक्यात नसतो. म्हणून तो सरसकट ‘बडबड’ असे नाव देतो. सकाळच्या वेळी हे अधिक जाणवते. मैफलीचा श्रोता घर सोडून सभागृहात जातो. सकाळी मात्र परका आवाज त्याच्या स्वयंपाकघरात येतो. त्याने पाहुण्यासारखे अदबीने वागावे की घरच्यासारखे, ह्यावर एकमत होणे कठीण आहे.

ह्या मतांचे पुरावा म्हणून मूल्य किती, हाही प्रश्न आहे. बी. बी. सी.ने १९३६ मध्ये श्रोतृसंशोधनाचे काम रॉबर्ट सिल्व्ही ह्यांच्याकडे सोपविले. आपण होऊन पत्र लिहिणारा श्रोता हा सर्व श्रोत्यांचा प्रतिनिधी मानता येत नाही, ही जाणीव त्या संशोधनाच्या मुळाशी होती. म्हणून किती जणांनी ऐकले ह्याबरोबरच ऐकणाऱ्यांना ते कितपत आवडले, ह्याचेही स्वतंत्र मापन होऊ लागले. हा विवेक इतिहासकारानेही पाळावयास हवा. तक्रारीची पत्रे बहुमत सांगत नाहीत. संख्येचे तक्ते आस्था सांगत नाहीत. गॅम्बाचिनी ह्यांच्याविरुद्धच्या तक्रारींवरून बहुसंख्य श्रोते नाराज होते असा निष्कर्ष काढता येणार नाही. मात्र ज्यांनी लिहिले त्यांना ते केंद्र आपले वाटत होते, हे त्यांवरून निश्चित म्हणता येते.

भारतीय नभोवाणीच्या अभ्यासकाला ह्या वादाचे महत्त्व आहे. १९३५ मध्ये येथील नभोवाणीची सूत्रे हाती घेणारे लायोनेल फील्डन बी. बी. सी.तूनच आले होते. परंतु येथील प्रातःकालीन संगीताची परिस्थिती वेगळी आहे. हिंदुस्थानी पद्धतीत भैरव किंवा तोडी सकाळी गावयाची, हे संगीतशास्त्राच्या परंपरेनेच ठरलेले असते. गायक, राग, ताल व साथीदार ह्यांची नावे सांगितली की निवेदकाचे मुख्य कार्य संपते. शिवाय ‘आपण’ ह्या सर्वनामाने आदराची बाजू अगोदरच सांभाळलेली असते. म्हणून मराठी निवेदनातील बदल शोधावयाचे झाल्यास ते बोलण्याच्या लांबीवरून मोजता येणार नाहीत. कोणत्या कार्यक्रमात, कोणत्या काळात आणि कोणत्या वयाच्या श्रोत्याला उद्देशून ‘आपण’ मागे पडून ‘तुम्ही’ आले, हे जुन्या ध्वनिमुद्रणांच्या आधारे तपासावे लागेल. श्रोत्यांच्या पत्रांचे वाचनही त्याच्या जोडीने व्हावयास हवे.