पदवीपत्रावरील नाव : नागसेनवन आणि मराठवाड्यातील पहिल्या पिढीचे पदवीधर

औरंगाबादच्या (२०२३पासून छत्रपती संभाजीनगर) नागसेनवन परिसरात १९५०नंतरच्या साडेचार दशकांत जे विद्यार्थी पदवीधर झाले, त्यांच्या पदवीपत्रांवर तीन निरनिराळ्या विद्यापीठांची नावे आढळतात. आरंभीच्या तुकड्यांना हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाची पदवी मिळाली. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि त्यानंतरच्या पदव्या त्याच्या नावाने दिल्या गेल्या. १४ जानेवारी १९९४नंतर पदवीपत्रावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ असे नाव आले. एकाच घरातील थोरला भाऊ, धाकटा भाऊ आणि थोरल्याची नात अशी तीन माणसे एकाच परिसरात शिकून तीन नावांची पदवीपत्रे बाळगू शकतात. महाराष्ट्रातील अन्य कोणत्याही विद्यापीठाच्या नावासाठी त्याच्या पदवीधरांना एवढी किंमत मोजावी लागलेली नाही.

विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांचा इतिहास लिहिण्याची एक रूढ पद्धत आहे. कोण कोणत्या पदावर पोहोचला याची यादी द्यावी, मंत्री, न्यायाधीश व कुलगुरू यांची नावे ठळक करावीत आणि संस्थेचा गौरव करावा. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकांतून हे काम इमानाने होत असतेच. मराठवाड्याच्या बाबतीत मात्र या पद्धतीने मुख्य गोष्ट हातून निसटते. येथील पहिल्या पिढीच्या पदवीधरांच्या आयुष्याचा मोठा भाग कागदावर काय लिहिले जावे या प्रश्नाशी झुंजण्यात गेला. विद्यापीठाचे नाव, जात, धर्म, आडनाव या चारही नोंदी त्यांच्यासाठी वादाच्या होत्या. त्यांची नोकरी आणि त्यांची चळवळ यांना वेगळे करून पाहता येत नाही, याचे कारण हे आहे.

उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली स्थापन झाले, तेव्हा देशी भाषेतून उच्च शिक्षण देणारे विद्यापीठ म्हणून त्याचे कौतुक झाले, आणि ते योग्यच होते. परंतु ती देशी भाषा उर्दू होती. तेलुगू, मराठी व कन्नड बोलणारी बहुसंख्य प्रजा या माध्यमापासून दूरच राहिली. औरंगाबादला शासकीय महाविद्यालय होते. पण ते इंटरमीजिएटपर्यंतचे. पुढे शिकायचे तर हैदराबाद गाठावे लागे, आणि ते परवडणारी घरे मोजकीच होती. १९३८मध्ये वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हणण्याच्या प्रश्नावरून शेकडो विद्यार्थ्यांना विद्यापीठाबाहेर काढण्यात आले. त्यांना नागपूर विद्यापीठाने, कुलगुरू केदार यांच्या पुढाकाराने, सामावून घेतले. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्या बहिष्कृत विद्यार्थ्यांपैकीच एक. कायद्याची पदवी त्यांनी नागपूर विद्यापीठाची घेतली. विद्यापीठाच्या दारात उभे राहून आपल्या ओळखीचा प्रश्न विचारण्याची परंपरा मराठवाड्यात १९७८मध्ये जन्मली नाही, एवढे येथे ध्यानात घ्यावे.

डॉ. आंबेडकरांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली आणि पुढच्याच वर्षी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. त्यानंतर त्यांचे लक्ष औरंगाबादकडे वळले. नुकत्याच मुक्त झालेल्या हैदराबाद राज्यातील साक्षरता १९५१च्या जनगणनेत जेमतेम नऊ-दहा टक्क्यांच्या घरात होती. अशा मुलखात १९५०च्या जून महिन्यात महाविद्यालय सुरू झाले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या इमारतीची कोनशिला बसली. ग्रीक राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांच्या संवादावरून महाविद्यालयाला ‘मिलिंद’ व परिसराला ‘नागसेनवन’ ही नावे देण्यात आली. ही निवड सहेतुक होती. राजाने प्रश्न विचारावेत आणि वादात हरल्यास ते मान्य करावे, हा त्या ग्रंथाचा गाभा आहे. प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी हा संवादाचा धर्म महाविद्यालयाच्या सांस्कृतिक जीवनातही उतरवला. त्यांचे ‘युगयात्रा’ हे नाटक विद्यार्थ्यांनी बाबासाहेबांसमोर सादर केले. दलित रंगभूमीचा इतिहास सांगताना या प्रयोगाचा उल्लेख टाळता येत नाही.

मिलिंदमध्ये येणारा विद्यार्थी केवळ मराठवाड्यातला नव्हता. विदर्भातून व खानदेशातूनही मुले येत. त्यांच्या शिक्षणाचा आर्थिक कणा म्हणजे भारत सरकारची शिष्यवृत्ती. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची ही योजना १९४४मध्ये, डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असतानाच्या काळात, सुरू झाली होती. शिष्यवृत्तीची रक्कम वेळेवर न येणे आणि तोवर खानावळीचे उधार वाढत जाणे हा वसतिगृहातील सार्वत्रिक अनुभव. त्या पिढीच्या आठवणींत प्राध्यापकांच्या व्याख्यानांइतकीच जागा या उधारीने व्यापलेली दिसते, आणि त्यात नवल नाही.

१४ ऑक्टोबर १९५६च्या धर्मांतराने या पदवीधरांपुढे एक विलक्षण पेच उभा केला. त्याची चर्चा वाङ्मयीन इतिहासांत फारशी होत नाही, म्हणून ती येथे थोडी विस्ताराने करणे अगत्याचे आहे. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता मर्यादित होता. १९५६मध्ये तो शिखांना मिळाला, बौद्धांना मिळाला नाही. १९६१च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २८ लाख लोकांनी आपला धर्म बौद्ध म्हणून नोंदवला. ज्याने ही नोंद केली, तो कायद्याने केंद्र सरकारच्या आरक्षणाबाहेर गेला. महाराष्ट्र राज्याने आपल्या अधिकारातील सवलती नवबौद्धांना दिल्या. पण टपाल, रेल्वे, आयकर, केंद्रीय लोकसेवा आयोग यांचे दरवाजे राखीव जागांपुरते बंदच राहिले. ही स्थिती १९९०च्या दुरुस्तीपर्यंत, म्हणजे तब्बल चौतीस वर्षे टिकली.

याचा परिणाम असा की नागसेनवनातील पदवीधरांच्या नोकऱ्यांचा एक विशिष्ट भूगोल तयार झाला. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि शिक्षक, विस्तार अधिकारी, लिपिक अशा जागा जिल्ह्या-जिल्ह्यांत निर्माण झाल्या. महसूल खाते, समाजकल्याण खाते, पाटबंधारे, राज्य वीज मंडळ आणि नव्याने निघणारी महाविद्यालये ही या पदवीधरांची क्षेत्रे ठरली. केंद्राच्या नोकरीकडे ज्यांना वळायचे होते, त्यांतील अनेकांनी शाळेच्या दाखल्यावरील ‘हिंदू महार’ ही जुनी नोंद तशीच राहू दिली. घरात बुद्धवंदना आणि कागदावर हिंदू, अशी ही दुहेरी व्यवस्था होती. तिला ढोंग म्हणणारे टीकाकार त्या काळीही होते. परंतु ज्या राज्यव्यवस्थेने धर्मांतराची किंमत नोकरीच्या रूपाने वसूल केली, तिच्याकडे बोट न दाखवता अर्जदाराकडे दाखवणे हा न्याय नव्हे.

या नोकरदार वर्गाने गावाकडे पाठवलेल्या पैशातून धाकटी भावंडे शिकली, विहारे उभी राहिली, १४ एप्रिलच्या मिरवणुका निघू लागल्या. याच वर्गाच्या वर्गणीवर नियतकालिके चालली. मूळचे नागपूरचे आणि मिलिंदमध्ये अध्यापन करणारे गंगाधर पानतावणे यांनी १९६७ साली ‘अस्मिता’ हे नियतकालिक सुरू केले. पुढे ते ‘अस्मितादर्श’ झाले आणि २०१८मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत त्यांच्याच संपादनाखाली निघत राहिले. प्राचार्य म. ना. वानखेडे यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्याचा परिचय नागसेनवनात करून दिला. दलित साहित्याची मुंबईतील बाजू, म्हणजे झोपडपट्टी, पँथर आणि लघुअनियतकालिके, नेहमी सांगितली जाते. औरंगाबादची बाजू ही पदवीधरांची, प्राध्यापकांची आणि मनीऑर्डरने वर्गणी पाठवणाऱ्या तालुक्याच्या ठिकाणच्या कारकुनांची होती. समीक्षेची परिभाषा प्रामुख्याने येथे घडली, ही गोष्ट मराठी समीक्षेने अजून पुरेशी मान्य केलेली नाही.

शिक्षणाचा विस्तार केवळ दलितांपुरता अर्थातच नव्हता. फी-सवलतींमुळे ग्रामीण मराठा व ओबीसी कुटुंबांतील मुलेही साठच्या दशकात महाविद्यालयांत आली. मराठवाड्यात उद्योग नव्हते. नोकरी म्हणजे सरकारी नोकरी असे समीकरण होते, आणि त्या नोकऱ्या थोड्या होत्या. १९७४च्या मराठवाडा विकास आंदोलनात विद्यार्थी आघाडीवर होते ते या असंतोषामुळे. चार वर्षांनी, २७ जुलै १९७८ रोजी, विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव संमत केला, तेव्हा हाच असंतोष वेगळ्या दिशेने उसळला.

नामांतराच्या विरोधकांत गोविंदभाई श्रॉफ व अनंत भालेराव यांच्यासारखे हैदराबाद मुक्तिसंग्रामातील सेनानी होते. निजामी राजवटीशी झगडून मिळवलेली ‘मराठवाडा’ ही ओळख पुसली जाऊ नये, हा त्यांचा युक्तिवाद. तो प्रामाणिक नव्हता असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु खेड्यांत जे घडले, त्याला या युक्तिवादाचे पांघरूण पुरत नाही. हल्ले झाले ते दलित वस्त्यांवर. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे ऑगस्ट १९७८मध्ये मारले गेले. ज्या घरात शिकलेला मुलगा होता, ज्याच्या नोकरीच्या पैशातून पत्र्याचे छप्पर आले होते, ती घरे डोळ्यांत खुपत होती, हे त्या काळच्या पाहणी अहवालांत आणि पुढच्या अभ्यासांत वारंवार नोंदले गेले आहे. पदवीचा सामाजिक अर्थ पदवीधरांपेक्षाही त्यांच्या विरोधकांना नेमका कळला होता, असेच म्हणावे लागते.

पुढच्या सोळा वर्षांचा तपशील, म्हणजे १९७९चा जोगेंद्र कवाडे यांचा नागपूरहून निघालेला लाँग मार्च, बाबा आढाव व समाजवाद्यांचे सत्याग्रह, तुरुंग भरणे आणि नांदेडच्या गौतम वाघमारे यांचे नोव्हेंबर १९९३मधील आत्मदहन, सर्वश्रुत आहे. १९९४मध्ये जे झाले त्याला ‘नामविस्तार’ म्हटले गेले. ‘मराठवाडा’ हा शब्द राहिला आणि त्याच्या आधी डॉ. आंबेडकरांचे नाव आले. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे स्वतंत्र विद्यापीठ झाले आणि मराठवाड्याचे विद्यापीठीय क्षेत्र दुभंगले. तडजोड म्हणून हे शहाणपणाचे होते. ज्यांनी सोळा वर्षांत घरे गमावली त्यांच्या दृष्टीने मात्र ते उशिराचे होते.

दरम्यान विद्यापीठाचे विभाग आपापली माणसे घडवीत होते. नाट्यशास्त्र विभागात लोकनाट्याचा अभ्यास व अध्यापन करणारे रुस्तुम अचलखांब यांनी ‘गावकी’ हे आत्मकथन लिहिले. नाट्यशिक्षण येथेच घेतलेले मकरंद अनासपुरे यांनी २०१५मध्ये नाना पाटेकर यांच्यासह शेतकरी कुटुंबांसाठी ‘नाम’ ही संस्था उभारली. मुखेडचे नागनाथ कोत्तापल्ले याच विद्यापीठातून एम. ए. झाले, कथा-कादंबरीकार व समीक्षक म्हणून मान्यता पावले आणि २०१३च्या चिपळूण येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले.

कारकीर्दीचा विषय आणि जगण्याचा प्रश्न यांची गाठ सर्वांत स्पष्ट दिसते ती सुखदेव थोरात यांच्या कामात. अमरावती जिल्ह्यातून आलेले थोरात मिलिंदमध्ये बी. ए. व मराठवाडा विद्यापीठात अर्थशास्त्राचे एम. ए. झाले आणि पुढे दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात संशोधक व प्राध्यापक म्हणून स्थिरावले. पॉल अ‍ॅटवेल यांच्यासह त्यांनी केलेला एक अभ्यास २००७मध्ये प्रसिद्ध झाला. वृत्तपत्रांतील खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना चार हजारांहून अधिक अर्ज पाठवण्यात आले. तुल्यबळ पात्रतेच्या अर्जांवर आडनावे तेवढी वेगवेगळी होती : काही उच्चवर्णीय, काही दलित, काही मुस्लिम. दलित आडनावाच्या अर्जदाराला पुढील फेरीचे बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय आडनावाच्या सुमारे दोन-तृतीयांश निघाली, आणि मुस्लिम नावाच्या अर्जदाराची सुमारे एक-तृतीयांश. मुलाखतीत कोणी कसे बोलले, पोशाख कसा होता, इंग्रजी कसे होते, या नेहमीच्या सबबींना या अभ्यासात वावच नव्हता. नियोक्त्यासमोर होता तो केवळ कागद. हा अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हा थोरात विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते (२००६–२०११), आणि त्यांच्या जुन्या विद्यापीठाच्या कुलगुरुपदी होते कोत्तापल्ले. तेथून बाहेर पडणाऱ्या पदवीपत्रांवर एव्हाना बाबासाहेबांचे नाव होते.