निवृत्त ठगाचा हिशेब

निजामाच्या नोकरीतल्या मेडोज टेलरची 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही कादंबरी १८३९ साली लंडनला निघाली. निवेदक अमीर अली, माफीचा साक्षीदार. खून ७१९; मधली बारा वर्षं तुरुंगात गेली नसती तर हजार भरले असते, ही त्याची खंत! हसू येतं, अंगावर काटाही.

अशी निवृत्ती प्रत्यक्षातही होती. पूर्वी नागपूरकर भोसल्यांच्या असलेल्या जबलपुरात इंग्रजांनी उद्योगशाळा काढली. सोबत्यांना फासावर पोचवलेले ठग तिथे तंबू नि गालिचे विणत. सुटका नव्हतीच. ठगीचा इतिहास बराचसा यांच्याच जबान्यांवर उभा आहे, आणि जबानी हेच तर त्यांचं जगण्याचं भांडवल! आकडा फुगण्यात साहेबाचाही फायदा होता. तेव्हापासून कुठलीही जबानी वाचताना मी आधी विचारणाऱ्याचा हुद्दा पाहतो.